गाळलेली नावं

पडद्यावर अकरा ठिपके होते. बारा हवे होते. किशोरीने पहिल्यांदा मोजले तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि चहाचा कप अजून तोंडाला लागायचा होता. तिने पुन्हा मोजले, या वेळी बोट लावून. दोन ठिपके एकमेकांवर आले असतील म्हणून नकाशा मोठा केला, समुद्राचा निळा रंग पडदाभर पसरला, ठिपके एकमेकांपासून लांब झाले, आणि ते अकराच राहिले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक होडी. होडीच्या केबिनमध्ये जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवलेलं असे, गावात सगळे त्याला डबाच म्हणत. दर अर्ध्या तासाने तो होडीची जागा किनाऱ्यावर कळवायचा, हवामानाचा इशारा होडीपर्यंत पोचवायचा, छोटे निरोप इकडून तिकडे करायचा, आणि त्याच्यावर एक लाल बटण होतं, ते दाबलं की मदतीची हाक जायची. किशोरी बेलापूरच्या एका लहान कंपनीत काम करायची. डब्याच्या आतला सगळ्यात खालचा प्रोग्राम, ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं असतं तो कर्नल, तिच्या हातात होता. ज्या होड्यांसाठी आपण काम करतो त्या डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी ती भरडखोलला राहायला आली, मैनाकाकीच्या घरातली वरची खोली भाड्याने घेऊन. मैनाकाकीचा नवरा हिरामण तांडेल. पडद्यावर नव्हता तो ठिपका त्याच्या होडीचा.

डबा चालू करायला विसरले असतील, तिने स्वतःला सांगितलं. पण हिरामणकाका विसरणारा माणूस नव्हता. पहाटे चारला इंजिन चालू करण्याआधी तो डब्याच्या हिरव्या दिव्याला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा, किशोरीने स्वतः पाहिलं होतं आणि तिला संकोच वाटला होता. आपण लिहिलेल्या चार ओळींना कुणी असा नमस्कार करावा हे तिला झेपलं नव्हतं. मग दुसरी गोष्ट तिच्या मनात आली. काल संध्याकाळी धक्क्यावर असताना बारा होड्यांच्या डब्यांनी नवा कर्नल उतरवून घेतला होता. आज पहाटे डबे चालू झाले ते या नव्या कर्नलवर, आणि त्यातले अकरा बोलले होते.

नवा कर्नल लहान होता. त्याला लहान करण्यात तिचे तीन आठवडे गेले होते. डब्याची मेमरी इवलीशी, त्यात जुना आणि नवा असे दोन्ही कर्नल शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे नवा उठला नाही तर जुना उठेल. त्यासाठी नवा चार एमबीच्या आत बसायला हवा होता आणि तो साडेपाच होता. प्रणयने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, ‘बघ काय गळतंय’ एवढंच सांगितलं होतं. आणि तिने गाळायला सुरुवात केली होती. डब्याला कीबोर्ड नाही, गाळा. आवाज नाही, गाळा. मग ती नावांपाशी आली. कर्नल एकटा काम करत नाही. रेडिओसाठी एक, बॅटरीसाठी एक, जागा शोधणाऱ्या चिपसाठी एक असे छोटे प्रोग्राम त्याला नंतर येऊन जोडले जातात, मॉड्यूल म्हणतात त्यांना. मॉड्यूल दारात येतं आणि नाव घेऊन मागतं, मला अमुक काम करणारा पाहिजे. कर्नलजवळ अशा हजारो नावांची यादी असते. आपल्या मॉड्यूलना त्यातली तीनशे लागत असतील तर बाकीची कशाला ठेवायची? तिने मॉड्यूलच्या फाइली चाळून लागणारी नावं काढली, बाकीची गाळली, नावामागचं काम करणारा भागही मग आपोआप गळाला. रोज संध्याकाळी आकडा खाली येई. त्या आकड्याची तिला चटक लागली होती. शरीर हलकं होत जावं तसं काहीसं वाटायचं तिला, रात्री झोप छान लागायची.

‘काय गो किशोरी, आमचे कुठं पोचले?’

मैनाकाकी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. रोजचीच वेळ, रोजचाच प्रश्न. ती वर कधी यायची नाही, गुडघे दुखायचे. किशोरी वरून सांगायची, आज दिघीच्या समोर आहेत, आज लांब गेलेत, आणि मैनाकाकी ‘बरं बरं’ म्हणत कामाला लागायची. किशोरीने पडद्याकडे पाहिलं, जणू तिथून उत्तर वाचायचं आहे.

‘आज जरा सिग्नल सावकाश येतोय काकी. दिसले की सांगते.’

‘व्हय? बरं.’

हे खोटं नव्हतं. अजून नव्हतं. तिने कपाटातून जुना डबा काढला. पहिल्या खेपेचे डबे वेगळे होते, त्यांच्यात वेगळा रेडिओ होता. तो बनवणारे लोक धंदा बंद करून गेले होते, मागे ठेवून गेले होते ती फक्त मॉड्यूलची तयार फाइल, आत काय आहे ते कुणाला वाचता येणार नाही अशी. तसे डबे दोन-तीन होड्यांवर उरले असतील असं कुणीतरी म्हणालं होतं. तिने नवा कर्नल त्यात भरला आणि डबा चालू केला. लॅपटॉपवर ओळी पळू लागल्या. कर्नल उठला, व्यवस्थित, नेहमीपेक्षा लवकरच. बॅटरी आली. जागेची चिप आली. हिरवा दिवा लागला. आणि मध्ये कुठेतरी, घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटेल अशी एक ओळ होती, की रेडिओच्या मॉड्यूलने अमुक नाव मागितलं आणि ते नाव अनोळखी आहे. बस. रेडिओ जोडलाच गेला नाही. डब्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. कर्नल उठला म्हणजे जुन्याकडे परत जायचं कारण नाही. दिवा हिरवा होता. तिने लाल बटण दाबलं. बटण आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा दाबलं. कुठेही काही झालं नाही. खाली मैनाकाकी सुपात वाल घेऊन बसली होती, एकेक दाणा ताटलीत पडल्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

बुधवार. तिला बुधवार आठवायचा नव्हता आणि तोच आठवत होता. बुधवारी दुपारी मॉड्यूलच्या फाइली चाळताना बाजूला ‘जुने’ नावाचा एक फोल्डर दिसला होता. तिने तो उघडला होता. आत पाच फाइली, पहिल्या खेपेच्या डब्यांच्या, चार वर्षांपूर्वीच्या तारखा. तिने त्या पाहिल्या होत्या आणि फोल्डर बंद केला होता. विसरली नव्हती, चुकून राहिलं नव्हतं. तिने पाहिलं आणि बंद केलं. कारण त्या पाच फाइलींची नावं यादीत घेतली असती तर आकडा वर गेला असता. आणि याच्याही खाली एक गोष्ट होती, जी कुणाला कधी कळणार नव्हती: मंगळवारीच काम झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी कर्नल तीन पूर्णांक नऊ एमबी झाला होता, चारच्या आत, दोन्ही शेजारी शेजारी बसत होते. त्यापुढचं सगळं तिने स्वतःसाठी कापलं होतं. जमतंय म्हणून.

बाराच्या सुमाराला तिने प्रणयला फोन लावला. सांगताना आवाज सरळ ठेवला. त्याने विचारलं, ‘किती होड्या?’

‘एक. हिरामण तांडेल. पाच माणसं आहेत.’

‘एकच ना? हे बघ, माणूस तीस वर्षं समुद्रावर जातोय. डबा नव्हता तेव्हाही जात होता. संध्याकाळी येईल परत, आपण धक्क्यावर डबा बदलून टाकू. आता गाजावाजा नको. पुढच्या महिन्यात दोनशे होड्यांचं ठरतंय, माहितीये ना तुला.’

‘त्यांना वाटतंय डबा चालू आहे. दिवा हिरवा आहे प्रणय.’

‘संध्याकाळपर्यंत थांब. प्लीज.’

ती थांबली. थांबणं सोपं होतं, हेच तिला नंतर सारखं आठवत राहिलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आकाश निळं होतं, ऑक्टोबरचं ऊन कौलांवर पांढरं झालं होतं, खाली धक्क्यावर बायका बोंबील उलटसुलट करत होत्या. साडेबाराला मैनाकाकी पुन्हा जिन्याशी आली. ‘दिसले का गो?’ आणि किशोरीच्या तोंडून शब्द निघाला तो इतका सहज की तो आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना. ‘ठीक आहेत काकी.’

‘कुठं हायेत?’

‘तिथेच. नेहमीच्या जागेवर.’

मैनाकाकी हसली. ‘मग येतील आज लवकर. बिरडं करते, तूपण खाली ये जेवायला.’ आणि ती गेली. काहीतरी गुणगुणत होती, ओसरीवरून आत जाईपर्यंत ऐकू येत होतं.

ठीक आहेत. हा शब्द कुणाचा होता ते किशोरीला खुर्चीवर परत बसताना आठवलं. रितेशचा. जून दोन हजार वीस. ती बेलापुरात, आईबाबा तळा या गावी, आणि वादळ दिवेआगरकडून चढून आत शिरलेलं. टॉवर आडवे झाले, रस्त्यांवर झाडं, वीज नाही. चार दिवस घरचा फोन लागला नाही. चुलतभाऊ रितेश माणगावला होता, त्याचा फोन तेवढा अधूनमधून लागायचा, आणि दर वेळी तो सांगायचा, ठीक आहेत गं, कुणीतरी बघितलंय त्यांना, तू काळजी करू नकोस. ती काळजी करत नव्हती. टाळेबंदीतल्या रिकाम्या घरात तिने त्या चार दिवसांत खिडक्या पुसल्या, केकसुद्धा केला, त्याचा फोटो मैत्रिणींना पाठवला. पाचव्या दिवशी बाबांचा आवाज आला, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. बाबा कधी फोनवर रडणारे नव्हते, तेव्हाही रडले नाहीत, फक्त म्हणाले, आईच्या अंगावर पत्रा पडला पहिल्याच दिवशी, खुब्याचं हाड मोडलंय, खाटेवरून उचलून नेत होतो, पण नेणार कुठं. आई वाचली. पुन्हा नीट चालली मात्र नाही. त्यांना बघितलंय असं रितेशला कुणीच सांगितलं नव्हतं. तू तिकडे एकटी, उगाच घाबरली असतीस, तो म्हणाला, आणि ते त्याने प्रेमानेच केलं होतं. किशोरीने त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. आईच्या हाडाबद्दल नव्हे, त्या केकबद्दल. आणि त्या चार दिवसांमुळेच ती हे असलं काम शोधत या कंपनीत आली होती, मुलाखतीत हे सगळं सांगितलं होतं, प्रणयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दीड वाजता हवामानाचा इशारा आला. नैऋत्येकडून वारा वाढणार, सहानंतर समुद्र खवळेल, होड्यांनी किनारा गाठावा. पडद्यावर अकरा ठिपक्यांशेजारी एकेक बारीक खूण उमटली, वाचलं, वाचलं, वाचलं. एकेक ठिपका वळू लागला. तिने लॅपटॉप तसाच उघडा ठेवला आणि खाली गेली. जिन्याच्या बारा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर तिने वाक्य जुळवलं आणि खाली पोचल्यावर त्यातलं एकही उरलं नाही.

‘काकी, मी खोटं बोलले.’

मैनाकाकीच्या हातात पळी होती.

‘काका मला सकाळपासून दिसत नाहीयेत. त्यांचा डबा मुका झालाय. माझ्यामुळे. मी त्यातलं एक काढून टाकलं, ते त्यांच्या डब्याला लागत होतं. त्यांनी बटण दाबलं तरी कुणाला कळणार नाही, आणि आता वारा यायचाय, तेही त्यांना कळणार नाही.’

गॅसवरचं बिरडं खदखदत होतं. मैनाकाकीने गॅस बंद केला, पळी ताटलीत ठेवली, ताटली ओट्याच्या आत सरकवली. ओरडली असती तर किशोरीला बरं वाटलं असतं.

‘दिसत न्हायत म्हंजे कुठं हायेत ते तुला म्हायत न्हाय.’

‘नाही.’

‘मला म्हायत हाय,’ मैनाकाकी म्हणाली. ‘बुडालेल्या बार्जावर गेलेत, त्या मालाच्या बोटीपाशी मासळी गोळा व्हते. हरिहरेश्वरच्या टोकावरनं सरळ बाहेर. काल जेवताना सांगत होते. मला विचारलं का न्हाईस?’

 सकाळी नऊपासून किनाऱ्यावर एकाच माणसाला ती जागा माहीत होती, ते माणूस जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन तिलाच विचारत होतं, कुठं आहेत म्हणून.

दोघी वर गेल्या. मैनाकाकी कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकत. किशोरीने सागरी पोलिसांना फोन केला. त्यांनी जागा लिहून घेतली, बोट पाठवतो म्हणाले, पण ती लांब होती, यायला वेळ लागणार होता. मग तिने अकरा होड्यांना पाठवायचा निरोप लिहायला घेतला. प्रणयला तिने एका ओळीत कळवलं होतं आणि त्याचं उत्तर समोर चमकत होतं: लिहायचंच असेल तर तांत्रिक बिघाड लिही, एवढंच, आपलं नाव नको. तिने लिहिलं, ‘तांत्रिक बिघाडामुळे’, आणि थांबली. शेजारी मैनाकाकीचा श्वास ऐकू येत होता, जिना चढल्याचा. तिने तो शब्द खोडला. ‘हिरामण तांडेल यांच्या होडीचा डबा आमच्या चुकीमुळे बंद पडला आहे. त्यांना इशारा मिळालेला नाही आणि मदत मागता येत नाही. ते बुडालेल्या बार्जाच्या जागी गेले आहेत. जवळ कोणी असेल तर कृपा करून जा. किशोरी.’ वाचून दाखवलं. मैनाकाकी म्हणाली, ‘पाठव.’

दहा ठिपके किनाऱ्याकडे येत राहिले. अकराव्याशेजारी निरोप वाचल्याची खूण तेवढी उमटली. तो सुजितच्या होडीचा होता, जीवना बंदराच्या. तिने त्याला एकदाच पाहिलं होतं, कमी बोलणारा, तिशीतला. त्या खुणेपुढे काही येईना, पाच मिनिटं, दहा. मग डब्यावरून दोन शब्द आले: जातो मी. आणि पुढच्या खेपेला ठिपका वळलेला दिसला, किनाऱ्याला पाठ करून. अर्ध्या अर्ध्या तासाने तो थोडा पुढे सरकलेला दिसायचा. त्या अर्ध्या तासांमध्ये काही नसायचं. मैनाकाकी खुर्चीवर बसली नाही, खिडकीशी उभी राहिली, आणि एकदाच, बाहेर बघतच, म्हणाली, ‘डबा नव्हता तवा आमी असंच उभ्या रहायचो.’  पावणेपाचला पाण्याचा रंग बदलला. पाचला सुजितचा निरोप आला: भेटले. पाचही ठीक. पंख्यात दोर अडकून इंजिन बंद. ओढून आणतो.

मैनाकाकी खाली बसली, तिथेच, फरशीवर.

होड्या धक्क्याला लागल्या तेव्हा अंधार पडला होता आणि वारा इतका होता की धक्क्यावर उभ्या बायकांचे पदर तोंडावर येत होते. पाण्यात दोन हात उंचीच्या लाटा उठत होत्या. हिरामणकाका उतरला, त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता, दोर सोडवताना कापला होता. त्याने आधी मैनाकाकीकडे पाहिलं, मग किशोरीकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रामाणिक गोंधळ होता.

‘बारा वाजल्यापासून बटण दाबतोय गो मी,’ तो म्हणाला. ‘दिवा चालू व्हता. म्हटलं, आता येतील. यायला येळ लागत आसंल. आमी हालचाल पण केली न्हाय जास्त, म्हटलं जागा चुकायची.’

किशोरीला वाटलं होतं की ती रडेल. रडू आलं नाही. तिने सगळं सांगितलं, तिथेच, वाऱ्यात, जरा ओरडूनच सांगावं लागलं. जुना रेडिओ, गाळलेलं नाव, ‘जुने’ नावाचा फोल्डर. आणि मंगळवार. मंगळवारी काम संपलं होतं, पुढचं कापायची गरज नव्हती, हेही. तिने संध्याकाळी निघण्याआधी हिशोब लावून पाहिला होता. ते एक नाव आणि त्याच्यामागचा भाग ठेवला असता तर तीनशे बारा बाइट लागले असते. ‘म्हणजे किती?’ कुणीतरी विचारलं. ‘मी पाठवलेल्या त्या निरोपापेक्षाही कमी,’ ती म्हणाली.  मागे एक खलाशी दोरी गुंडाळत होता, तो थांबला आणि पुन्हा गुंडाळू लागला.

सुजितची होडी रिकामी होती. जाळं ओढायला तास गेला असता, म्हणून त्याने ते कापून समुद्रात सोडून दिलं होतं. ते त्याने स्वतः सांगितलं नाही, त्याच्या खलाशाने सांगितलं. किशोरी त्याच्याकडे गेली. ‘दहा मिनिटं तुम्ही थांबला होतात,’ ती म्हणाली, आणि हे विचारायचा आपल्याला काही हक्क नाही हे तिला बोलतानाच कळलं.

सुजितने पायातली चप्पल दगडावर आपटून वाळू झाडली. ‘जाळ्याचा विचार करत होतो,’ तो म्हणाला. ‘वाचलं तुमचं परत एकदा. यंत्र बिघडलं असं असतं तर न्हाय गेलो असतो. यंत्रं बिघडतातच, येतोय माणूस परत. पण आमची चूक झाली असं कोण लिहितं हो? म्हटलं, आयला, म्हंजे खरंच काहीतरी हाय.’

प्रणयचे सात फोन येऊन गेले होते. तिने धक्क्यावरून त्याला लावला आणि सांगितलं की बाराही डब्यांवर उद्या सकाळी जुना कर्नल परत जाईल, नवा ती पुन्हा बांधेल, सगळ्या फाइली घेऊन, मंगळवारच्या आकड्याला. आणि दोनशे होड्यांच्या लोकांना आजचं लेखी कळवायचं, तिच्या सहीने. तो बराच वेळ बोलला. ती ऐकत होती पण वाऱ्याने अर्धं उडून जात होतं. ‘हो,’ ती म्हणाली, ‘काढून टाकायचं तर टाक. पण कळवणार आहे मी.’

हिरामणकाका हात बांधून घ्यायला दवाखान्यात गेला, दोन खलाशी बरोबर होते. मैनाकाकी आणि किशोरी चालत घराकडे निघाल्या. रस्त्यावर वाळू उडत होती. निम्म्या वाटेत मैनाकाकी थांबली. किशोरीला वाटलं गुडघा दुखतो, तिने हात पुढे केला. मैनाकाकीने तो घेतला नाही.

‘कापलंस ते कापलंस,’ ती म्हणाली. ‘मला त्यातलं कळत न्हाय. माणसाच्या हातनं व्हतं. पण बाराला ते तिकडं बटण दाबीत व्हते, आणि मी इकडं गाणं म्हणत व्हते गो. तुझ्या शब्दावर.’

‘काकी...’

‘घाबरले आसते मी. तर घाबरू द्यायचं व्हतंस. माझा नवरा हाय तो.’

 किशोरीला माफ करा म्हणावं असं वाटलं, पण तो शब्द रितेशनेही म्हटला होता आणि तो किती पोकळ ऐकू येतो हे तिला माहीत होतं. मैनाकाकीने पदर खोचला, पुन्हा चालू लागली. किशोरी दोन पावलं मागे राहून चालत होती. शेजारी जायचं धाडस झालं नाही, आणि मैनाकाकीनेही घर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.